बोटीतला झोल

तायडे काकांनी माझं डिग्रीचं प्रमाणपत्र खिडकीच्या उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून पाहिलं, त्या दिवसापासून ते मला आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटेल की मी फुलं उधळायला बसले आहे.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. आजा भोई, बाप भोई. जाळं टाकायचं आणि मासळी बाजारात न्यायची, यापलीकडे कुणी काही केलं नाही. मी रोज एसटीनं अकोल्याला जाऊन बी.ए. केलं आणि बार्शीटाकळीच्या पुढच्या धरणावर आमची मच्छीमारांची जी संस्था आहे तिथे व्यवस्थापक म्हणून लागले. तायडे काका त्या संस्थेचे सचिव; नाव मच्छीमारांचं असलं तरी पदं गावातल्या इतरांकडे होती. मी पहिल्या दिवशी मोठ्या तोऱ्यानं कागद पुढे केला, तर हे त्यात पाणचिन्ह शोधत बसले.

"खरी आहे जी," मी म्हटलं.

"मी कुठं खोटी म्हनलं? पाहून राहिलो फक्त. खरी असन तं पाह्यल्यानं झिजत नाई."

तेव्हापासून मला ते 'ग्रॅज्युएट बाई' म्हणायचे. टोमणा होता की मान, ते मला कळलं नाही, आणि त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. 'काहून इचारून राहिली?' असा उलटा प्रश्न आला असता.

दामोदर तायडे म्हणजे उंच, काटक माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात दिवसाढवळ्याही एक छोटा टॉर्च. सगळी नोकरी सरकारी पंपदुरुस्तीच्या कार्यशाळेत झाली, फोरमन म्हणून निवृत्त झाले. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून पाहायची, हा त्यांचा हात धुण्यासारखा नेम. पेट्रोल आलं की थोडं काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरायचे. हॉटेलात चहा आला की आधी दुसऱ्याच्या कपाशी रंग जुळवून पाहायचे. अनोळखी नंबरवरून फोन आला तर समोरच्याचं नाव, गाव आणि बापाचं नाव कळल्याशिवाय स्वतःचं नाव सांगायचे नाहीत. एकदा पलीकडून त्यांचा जावईच नव्या नंबरावरून बोलत होता. त्यालाही बापाचं नाव सांगावं लागलं.

निर्मलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं हसून सांगायच्या. "लग्नाच्या दिवशी मले इचारलं यायनं, हेच नाव हाय ना तुमचं? मी म्हनलं, आता नसलं तरी काय करता?"

संस्थेची सहल एकदा सेमाडोहला गेली होती. मेळघाटात पहाटे जिपा निघाल्या, वाघ काही दिसेना. शेवटी गाईडनं एका ओढ्याशी जीप थांबवली आणि वाळूतला ठसा दाखवला. ताजा आहे, म्हणाला. सगळ्यांनी मोबाइल काढले. माझ्या आईनं तर लांबून हात जोडले. काका खाली उतरले, उकिडवे बसले, टॉर्च लावला.

"याचा बाकीचा पाय कुठं हाय, भाऊ?"

"काका, वाघ पुढे निघून गेला ना."

"एकाच पायावर? लंगडी खेयत गेला का?"

गाईडनं जीप चालू केली आणि परत येईपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. आमच्या वाट्याचा वाघ काकांनी असा काढून घेतला. परतीच्या रस्त्यात सगळे त्यांच्यावर चिडलेले, मीही. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. लोकांचा आनंद खरा आहे की नाही, हेही ते तपासून घ्यायचे, असं मला वाटायचं.

एकदाच, ऑफिसात दोघंच असताना, मी विचारलं, "काका, सगळ्याइवर संशय घेऊन थकत नाही का तुमी?"

ते कपाटाची कडी हलवून पाहत होते. हात थांबला नाही. "नवा लागलो तवा कार्यशायेत एखांदं हत्यार हरवलं का पयले माही थैली उघडत. रोज एकाचीच थैली. म्हनलं, आपुन फोरमन झालो तं सगळ्याइच्या थैल्या उघडू. शिपायाची असो का साहेबाची." मग कडी लागली आणि विषय बंद झाला. मी बौद्धवाड्याच्या शेजारीच वाढले, मला पुढचं सांगायची गरज नव्हती.

आता बोटीचं सांगते.

संस्थेनं लोकांना फिरवायला एक फायबरची लहान मोटरबोट घेतली होती. मागे इंजिन, उजव्या हाताला स्टेअरिंग, दोन्ही बाजूंना बसायला बाकं. युनूसभाऊ ती चालवायचे. बार्शीटाकळीचे. आधी ट्रकवर होते, पाठीनं दगा दिला म्हणून ते सुटलं. ही नोकरी अशी होती की माणूस रोज संध्याकाळी घरी असायचा. त्यांची बायको मला म्हणाली होती, लग्नानंतर पहिल्यांदा यांच्यासाठी रोज पोळ्या मोजून टाकते आहे.

पावसाळा संपता संपता बोट उजवीकडे कलायला लागली. आधी थोडी, मग डोळ्यात भरण्याइतकी. अकोल्याहून आलेल्या बाया घाबरून आपोआप डाव्या बाकावर सरकायच्या. बोट सुटली की मागचा उजवा कोपरा पाण्यात बसायचा. वळण घेतलं की ती लगेच सरळ व्हायची नाही, क्षणभर विचारात पडल्यासारखी तशीच राहायची. युनूसभाऊंनी जेटीवरून अध्यक्षांना, म्हणजे मोतीरामभाऊंना, फोन लावला. तिथे रेंज अर्धी येते, अर्धी जाते. ते ओरडून म्हणाले, "भाऊ, बोटीत झोल हाय. मोठा झोल हाय."

आता आमच्याकडे माणसाचा तोल गेला, तो एका अंगाला लवंडला, तर त्याचा झोल गेला म्हणतात. आणि कुणी अफरातफर केली तर त्यालाही झोलच म्हणतात. युनूसभाऊंनी पहिला अर्थ पाठवला, मोतीरामभाऊंना दुसरा पोचला. संध्याकाळपर्यंत पानटपरीवर ठरून गेलं की युनूसनं स्वतःच कबूल केलं. मग एकाला आठवलं की पलीकडच्या काठाला, जिथे खडक आहेत, तिथे बोट गेलेली त्यानं पाहिली होती. दुसऱ्याला आठवलं की आत युनूसचे पाहुणे होते. तिसऱ्यानं पाहुणे कुठल्या गावचे तेही सांगितलं. बोट खडकावर आपटली आणि गुपचूप आणून लावली, अशी गोष्ट तयार झाली. रविवारी सभा, आणि सभेत युनूसला काढायचं, हे सभेच्या आधीच झालं होतं. चौकशीचं नाव हवं म्हणून ती तायडे काकांकडे दिली.

मला वाटलं, संपलं. ज्या माणसानं माझी डिग्री उजेडात धरली, तो युनूसभाऊंना काय सोडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जेटीवर आले. युनूसभाऊ हात बांधून उभे. मी रजिस्टर घेऊन.

"युनूस, माहा तुह्यावर संशय हाय," काका म्हणाले. "मोतीरामवरही हाय. या ग्रॅज्युएट बाईवरही हाय."

"माझ्यावर काहून?" मी विचारलं.

"तुमचा बाप जायं सुकवाले याच बोटीवर टाकते. पन मानसं मंग. पयले बोटीले इचारू."

त्यांनी बोटीची उलटतपासणीच घेतली. आधी उभ्या बोटीची. बोट दोरानं सैल बांधायला लावली आणि आतलं सगळं बाहेर काढायला लावलं. पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर, पायाखालचे रबराचे पट्टे. डाव्या बाकाखाली हात घातला तर वाळू भरलेलं पोतं हाताला लागलं. काकांचे डोळे लकाकले.

"हे काय हाय?"

"वाळू हाय, काका."

"वाळू हाय ते दिसते. लपवून काहून ठेवली?"

"लपवली नाई. उजवीकडे झुके म्हनून डावीकडे वजन ठेवलं. पब्लिक घाबरे."

"म्हंजे दुखनं तुले माहीत होतं, अन् तू त्याच्यावर चादर टाकली."

"मंग काय करू? तुमाले सांगतलं असतं तं मलेच धरलं असतं." युनूसभाऊंचा आवाज चढला. "आता धरलंच ना."

काकांनी पोतं काठावर ठेवायला लावलं. रिकामी बोट उजवीकडे आणखी कलली. म्हणजे दोष टाकीचा नाही, बॅटरीचा नाही, माणसांचा नाही. मग टाकी, बॅटरी परत बसवली आणि चालत्या बोटीची पाळी आली. मी भोयाची पोर, स्टेअरिंग मला धरता येतं. काकांनी युनूसभाऊंना डाव्या बाकावर बसवलं आणि मला चालवायला लावलं. पूर्वेकडे नेली, पश्चिमेकडे आणली, वारा या अंगानं घेतला आणि त्या अंगानं घेतला. कल उजवीकडेच. इंजिनाखाली एक लहान पातं असतं, बोट एका बाजूला ओढत असली तर ते थोडं फिरवून जमवतात. तेही फिरवून पाहिलं. स्टेअरिंगची ओढ बदलली, कल तसाच.

"पंखा उजवा फिरते," काका इंजिनाकडे पाहत स्वतःशीच म्हणाले. "तो झुकवन तं उलट्या अंगाले, डावीकडे झुकवन. ही उजवीकडे चालली. म्हंजे इंजिनही खोटं बोलून नाई राहिलं." त्यांना याचं थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

मग ट्रॅक्टर बोलावून बोट काठावर ओढली, खाली विटा लावून नळीच्या पाण्यानं दोन्ही कडा एका पातळीत आणल्या. गवंडी लावतात तशी. काका बुडाखाली आडवे झाले, टॉर्च लावून पूर्ण बूड पाहिलं. खडकाचा ओरखडा नव्हता. एकही नाही. मी युनूसभाऊंकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते. त्यांना हे आधीच माहीत होतं.

"ओरखडा बुजवता येते," काका खालून म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांचा खरंच राग आला.

मग त्यांनी बोटं वाकवून बूड ठोकायला सुरुवात केली, जसं आपण कलिंगड ठोकतो तसं. या बोटीला फरशीच्या खाली दोन्ही अंगाला बंद पोकळी असते, हवा भरलेली, बोट तरंगावी म्हणून. मागे प्रत्येक पोकळीला पितळी बूच असतं, आत पाणी साचलं तर काढायला. डावी बाजू ठण वाजली. उजवी ढब.

डावं बूच फिरवलं, उघडलं, आतून कोरडी हवा आली. उजवीकडे बूच नव्हतंच. तिथे लाकडाची खुंटी ठोकून वरून कडक लेप चोपडलेला होता.

"काढा," काका म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता.

युनूसभाऊंनी छिन्नीनं लेप फोडला, खुंटी उपटली. पाणी आलं. काळं, शेवाळाच्या वासाचं, जाड धारेनं. आम्ही तिघं पाहत उभे राहिलो. धार थांबेना. युनूसभाऊंनी बिडी काढली, पेटवली नाही.

"हे आत शिरलं कुठून?" काका बोटीत चढले. उजव्या बाकाखाली लाइफ जॅकेट ठेवायची पेटी होती. तिचं झाकण उघडून त्यांनी टॉर्च मारला. पेटीच्या तळातून चार बोल्ट आरपार खाली गेले होते, साखळीची कडी आवळायला. भोकांना ना वॉशर, ना लेप. ओली जॅकेटं आत टाकली की निथळलेलं पाणी थेट त्या भोकांतून पोकळीत.

"कोनाचं काम हाय हे?" काका कडाडले. "फायबरले अशी भोकं कोन पाडते? नाव सांगा. मले नाव पायजे."

युनूसभाऊ इंजिनाकडे पाहू लागले. मी रजिस्टरचं पान उलटलं, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एक जॅकेट हरवलं होतं. तेव्हा काकांनी स्वतः ड्रिल आणून पेटीत कडी बसवली होती. सगळी जॅकेटं साखळीत ओवून, फेरी संपली की लगेच कुलुपात, असा नियम त्यांनीच काढला. युनूसभाऊ म्हणाले होते, काका, ओले हायत, थोडे उन्हात टाकू द्या. काका म्हणाले होते, उन्हात टाकतो म्हणजे गायब करतो. पुढे पितळी बूच चोरीला गेलं. मग दुसरं बूच चोरायलाच मिळू नये म्हणून त्यांनी ती खुंटी ठोकून लेप चोपडला. दोन्ही वेळा मी आणि युनूसभाऊ तिथेच उभे होतो.

पेटीतला टॉर्च बराच वेळ लागून राहिला. मग विझला. काका खाली उतरले, ते उतरताना युनूसभाऊंनी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. बोटीच्या कडेला धरून उतरले.

"बूच नवं आना," एवढंच म्हणाले. "भोकं बुजवा. रविवारी पाहू."

रविवारपर्यंत मला झोप नीट लागली नाही. मी काकांना ओळखत होते असं म्हणणार नाही, पण माणसांना ओळखते. सभेत ते म्हणतील, पावसाचं पाणी शिरलं, दुरुस्ती झाली. कुणाचं नाव घेणार नाहीत. मग पानटपरीवरची गोष्ट जिवंत राहील आणि युनूसभाऊ जातील. मी उठून सांगायचं ठरवलं होतं. पण संस्थेच्या सभेत भोयाची, त्यातून बाई, बोलायला उठली की पंखे जरा जास्त आवाज करतात. ते मी आधी पाहिलेलं आहे.

सभा भरली. मोतीरामभाऊंनी विचारलं, "हां काका, काय निघालं?"

काका उभे राहिले. "दोषी सापडला."

सगळ्यांनी युनूसभाऊंकडे पाहिलं. ते दाराशी उभे होते.

"नाव दामोदर तायडे," काका म्हणाले. "वडिलाचं नाव सखाराम."

मोतीरामभाऊ हसले. काही जण त्यांच्यासोबत हसले. "काका गंमत करून राहिले."

"मी कवा गंमत केली?"

ही गोष्ट खरी होती, म्हणून हसणं थांबलं. काकांनी कडी सांगितली, बोल्ट सांगितले, खुंटी सांगितली, ओल्या जॅकेटांचा नियम सांगितला. सगळं पंपाचा बिघाड सांगावा तसं. मागून कुणीतरी म्हणालं, "युनूसनं बिर्याणी चारली वाटते." दुसरा म्हणाला, "म्हातारपनी मानूस हयवा होते, दुसऱ्याचं आंगावर घेते." मोतीरामभाऊंनी समजुतीच्या आवाजात विचारलं, "काका, खरं सांगा. कोनाले वाचवून राहिले तुमी?"

तायडे काकांच्या चेहऱ्यावर मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर या माणसानं सगळ्यांवर संशय घेतला. आता स्वतःवर घेतला, तो खरा निघाला, तर कुणी विश्वास ठेवेना.

"चला," ते म्हणाले. "सगळे चला. डोयानं पाहा. नाई पाह्यलं तं हात घालून पाहा."

ती सभा उठून जेटीवर गेली. काकांनी एकेकाला पेटीशी वाकवलं, टॉर्च हातात दिला. भोकं बुजवली होती, पण चार नवे लेपाचे ठिपके तिथे होते आणि कडीही होती. उपटलेली खुंटी युनूसभाऊंनी ठेवली होती, ती दाखवली. मग बोट पाण्यात लोटली. ती सरळ उभी राहिली. मोतीरामभाऊ बोटीच्या दोन्ही कडा पाहत राहिले, मग म्हणाले, "बरं, मंग तसं असन." काकांनी त्यांना सोडलं नाही. "तसं असन नाई. तसं हाय म्हना." मोतीरामभाऊंना म्हणावं लागलं.

युनूसभाऊ राहिले. काकांनी सचिवपद सोडलं, कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोघांत त्यानंतर गोडी झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. झाली नाही. युनूसभाऊ मला म्हणाले, "माफी मागतली असती तं मी माफ केलं असतं. त्यायनं पुरावा देला. पुराव्याचं काय करू मी?"

काकांना मी शेवटचं पाहिलं ते हिवाळ्यात. निर्मलाकाकूंना धरण पाहायचं होतं म्हणून दोघं आले होते. काका फार वाळले होते, अमरावतीच्या दवाखान्यातून नुकतेच परतले होते. काकू बोटीत चढल्या. काका जेटीवरच उभे राहिले. युनूसभाऊ स्टेअरिंगवर होते, त्यांनी मागे न पाहता म्हटलं, "या, काका. मधात बसा."

ते चढले आणि मधोमध बसले. मी काठावरून पाहत होते. बोट निघाली, लांब वळली, आणि परत येताना माझ्या अगदी समोरून गेली. काकांचे डोळे मिटलेले होते आणि मान थोडी पुढे झुकली होती. ते झोपले होते की इंजिन ऐकत होते, मला ठरवता आलं नाही. काकू काहीतरी सांगत होत्या. युनूसभाऊंनी एकदा मागे वळून पाहिलं आणि वेग कमी केला.